तुलनेची नळी

१

बसवनगुडीतल्या त्या घरात संध्याकाळची भाजी आणि आलेखाचे कागद एकाच पिशवीतून येत. गोदूबाई आधी घेवडा, कोथिंबीर काढून घेत, आणि तळाशी उरलेली कागदाची गुंडाळी सुनेकडे सरकवत. "हे तुझं," म्हणत. जणू मुलानं बायकोसाठी गजराच आणला आहे.

नीरजाच्या लग्नाला चार महिने झाले होते. धारवाडला तिनं बीएस्सी केलं होतं, आणि सुनेच्या पदवीचं काय करायचं हा प्रश्न सासरी कुणी काढायच्या आत शेषगिरीनंच तो सोडवून टाकला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संशोधन संस्थेत उपकरणं बांधायच्या कामावर होता. तिथं एका खोलीत माणकाचा लेसर उभा राहत होता आणि शेजारच्या खोलीत शेषगिरीचं यंत्र. डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशाच्या पलीकडे उष्णता, आणि उष्णतेच्याही पलीकडे, रेडिओच्या लहरी सुरू व्हायच्या आत, प्रकाशाचा एक पट्टा असतो. तो कुणालाच दिसत नाही, पण पाण्याची वाफ तो अधाशासारखी पिते. किती प्यायला गेला ते मोजलं की हवेत वाफ किती ते कळतं. डिसेंबरात हे यंत्र मोठ्या फुग्याला बांधून लाखभर फूट उंच सोडायचं होतं, आणि तिथं ते टिकलं तर पुढे अग्निबाणातून, हवेच्याही वर. हे सगळं त्यानं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावून दिलं. दुसऱ्या एखाद्यानं म्हैसूर दाखवलं असतं.

संस्थेत आलेख वाचायला माणूस नव्हता आणि नवी जागा मंजूर होत नव्हती. म्हणून पट्टी, भिंग आणि टोक काढलेली पेन्सिल घेऊन नीरजा दुपारी माजघरात बसे, रेघ कुठे किती खाली गेली ते मोजे आणि रकान्यात लिही. विभागाचे प्रमुख डॉक्टर कृष्णमूर्ती यांनी निरोप पाठवला होता, की मिसेसचं अक्षर फार स्वच्छ आहे. गोदूबाईंनी तो निरोप गल्लीतल्या तीन घरांत सांगितला.

२

आठवड्यातून एकदा, शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, यंत्राची कोरी फेरी असे.

यंत्रात प्रकाशाचे दोन झोत होते. एक बाहेरच्या हवेतून जाई. दुसरा जाई बोटभर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद केलेल्या काचेच्या नळीतून. त्या नळीत वाफेचा एक ठरावीक नमुना कोंडलेला असे. बाहेरची हवा त्याच्याशी ताडून पाहायची. म्हणून ती तुलनेची नळी. कोऱ्या फेरीत बाहेरचा झोत बंद ठेवत, पेटीत कोरडी हवा भरत आणि एकट्या नळीची रेघ कागदावर उतरू देत. खोलीत माणूस नको, माणसाच्या उच्छ्वासात ओल असते, म्हणून दाराला कुलूप घालत.

बंद नळीतली वाफ कमी होत नाही की वाढत नाही. तेव्हा कोऱ्या फेरीची रेघ सरळच यायला हवी, आणि तशीच येई. नीरजाला ती आवडायची. आपल्याकडून काहीच न मागणारी एवढी एकच गोष्ट त्या घरात होती.

श्रावणाच्या तोंडावर आलेल्या गुंडाळीत मात्र ती रेघ हलत होती.

नुसत्या डोळ्यांना ती जरा जाड वाटे, इतकंच. भिंग धरल्यावर दिसलं, की ती बारीक बारीक वर-खाली होते आहे. दोन लहान लाटा, एक मोठी, मग किंचित सपाट. पुन्हा दोन लहान, एक मोठी. परकराच्या काठाला घातलेल्या धावदोऱ्यासारखं, चाळीस तासांच्या कागदावर, न चुकता. कागद मिनिटाला दोन इंच सरके. तिनं पट्टी लावून मोजलं. मिनिटाला पंधरा लाटा.

शेषगिरी म्हणाला, विजेचा दाब खालीवर होत असेल. पुढच्या आठवड्यात म्हणाला, आवारातल्या विहिरीचा पंप असेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात शेजारच्या लेसरवर आलं.

"रविवारी लेसर कोण चालवतं?" नीरजानं विचारलं.

यावर त्यानं ताटातला भात कालवला, पुन्हा कालवला, आणि खंडोजीला विचारतो म्हणाला. खंडोजी म्हणजे संस्थेचा काच फुंकणारा कारागीर. नळी त्यानंच केली होती.

३

त्या लाटांची चाल ओळखीची का वाटते, ते तिला बरेच दिवस उमगलं नव्हतं. उमगलं ते मिरच्यांमुळे.

रविवारी जेवणं झाल्यावर शेषगिरी सोप्यात चटईवर आडवा व्हायचा. लहानपणी त्याला दमा होता. मोठेपणी तो गेला, पण जाताना छातीत आपली चाल ठेवून गेला: दोन आखूड श्वास, एक लांब, मग जरा थांबणं. त्या थांबण्यापाशी नीरजा नवी असताना दचकून उठत असे. आता तिला सवय झाली होती.

त्या रविवारी गोदूबाईंनी मसाल्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. मिरच्यांचा तिखट खाट घरभर पसरला. शेषगिरी उठून बसला तो खोकतच. डोळ्यांतून पाणी, शब्द फुटेना. नीरजा खिडकी उघडायला धावली. खिडकीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनेक मिनिटं त्याचा जीव नुसता वरखाली होत होता.

सोमवारी गुंडाळी आली. काय शोधायचं हे मनात न ठरवताच तिनं पट्टी रविवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांवर लावली.

तिथं धावदोरा नव्हता. करवतीचे दात होते, वेडेवाकडे, एकात एक घुसलेले. सहा इंच. मग दात बोथट होत गेले, आणि पुन्हा दोन लहान, एक मोठी.

यंत्र कुलपात होतं. घरापासून तीन कोस.

तिनं भिंग खाली ठेवलं. मिरच्यांचा खाट तिथवर जात नाही. योगायोग असेल. नव्या नवरीला जिकडेतिकडे नवराच दिसतो, असं म्हणतातच. पण तो कागदावर दिसल्याचं कुणी ऐकवलं नव्हतं. तिनं रकान्यात लिहिलं, "दोन-दहा ते दोन-तेरा, रेघ अस्थिर." अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं, याचं तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

४

तिनं त्याला सांगितलं ते गच्चीवर, कपडे काढताना. गोदूबाई देवळात गेल्या होत्या. तो चिडेल किंवा हसेल, अशी तिची अटकळ होती. तो दोरीवरचं धोतर हातात धरून उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "तो माझाच आहे."

"काय तुमचं?"

"नळीतला श्वास."

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. वाफेचा मोजून दिलेला नमुना परदेशातून यायचा होता. आयातीच्या परवान्यात तो सहा महिने अडकला. डॉक्टर कृष्णमूर्ती दौऱ्यावर, उड्डाणाची तारीख ठरलेली, जुनी नळी तडकलेली आणि नवी रिकामी. तेव्हा रेघ हलायला लागली त्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी शेषगिरीनं नळीच्या उघड्या टोकाला तोंड लावलं, छातीतला सगळा श्वास तिच्यात सोडला आणि खंडोजीला म्हणाला, लाव ज्योत. खंडोजीनं काच वितळवून टोक बंद केलं. माणसाच्या श्वासात वाफ किती हे पुस्तकात दिलेलंच असतं, तेव्हा शास्त्रात कुठंही खोट नव्हती. फक्त नोंदवहीत त्यानं "मानक नमुना" असं लिहिलं, आणि ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

"कळलं तर मला बाहेर काढतील. तीन वर्षांचं काम आहे, नीरजा." एरवी तो तिला नावानं हाक मारत नसे. "एकदा वर जाऊन येऊ दे. मग मीच सांगेन."

"पण ती हलतेय का?"

"काचेत ताण असेल. वर थंडीत बसेल जागेवर."

तिनं होकारार्थी मान डोलावली. नवऱ्याची नोकरी आता तिच्या जिभेवर ठेवली गेली होती, आणि जीभ तशी तिची कमीच चालायची. ते त्याला माहीत होतं.

५

त्यानंतर शेषगिरीची तब्येत सुधारली.

तो बसवण्णाच्या देवळाची चढण बोलत बोलत चढून जाई. छाती भरेना. खाटानं ठसका लागेना. रविवारी चटईवर तो इतका निवांत निजे, की त्याच्या सदऱ्याची घडी हलते की नाही ते पाहायला नीरजाला जवळ जावं लागे. हलायची. अगदी थोडी. धरून ठेवलेलं कुणीतरी हळूहळू सोडतंय, तशी.

गोदूबाईंनी शेजारच्या पद्मावतीबाईंना बोलावून कॉफी दिली आणि सांगितलं, "पाहिलंत अक्का, लेकाचा दमा मुळातून गेला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, स्वल्पही फरक नव्हता. शेवटी सुनेचा पायगुण."

पद्मावतीबाईंनी नीरजाच्या पायांकडे पाहिलं. नीरजानंही पाहिलं. कौतुक झालं की खाली बघायचं, एवढं तिला येत होतं.

एक दिवस सकाळी तो ऑफिसला निघताना उंबऱ्यात थांबला, चष्मा काढला, काचेवर तोंडानं हा केलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसलं. रोजचंच. पण त्या सकाळी गारठा होता, आणि नीरजा डबा हातात धरून अगदी समोर होती. काच धूसर झाली नाही. त्यानं दुसऱ्या काचेवर केलं. तीही लख्ख राहिली. त्यानं लख्ख काच पुसली, चष्मा लावला, येतो म्हणाला आणि गेला.

ती आत आली. आरसा काढला, हा केलं. आरशात तिचं नाक-तोंड नाहीसं झालं. आपण काय करतो आहोत ते ध्यानात येऊन तिनं आरसा पदरानं पुसला. हवा कोरडी असेल. त्यानं नीट फुंकलं नसेल. संशयाला कारणं लागत नाहीत, पण ती होती तेवढी सगळी कारणं त्याला चारत होती.

त्या आठवड्याच्या गुंडाळीत लाटा मोठ्या झाल्या होत्या. आता भिंग लागत नव्हतं.

६

खंडेनवमीला संस्थेत आयुधपूजा असे. त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत येऊ देत. पंपांना झेंडू, लेथला हळदकुंकू, लेसरच्या पेटीवर तुळशीची माळ, आणि दारात फोडलेला कोहळा. शेषगिरीच्या खोलीत चाळीसेक माणसं दाटली होती. उदबत्त्यांचा धूर पंख्याखाली फिरत होता. कोपऱ्यात डॉक्टर कृष्णमूर्ती शेषगिरीच्या खांद्यावर हात ठेवून कुणा पाहुण्याला काहीतरी सांगत होते, आणि शेषगिरीचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखा झाला होता.

यंत्राच्या पेटीला झाकण होतं, झाकणात हाताएवढी खिडकी. खंडोजी पेटीला कुंकू लावत होता. त्याची सात पिढ्यांची वस्ती याच शहरातली. मराठी बोले, पण कानडी वळणानं.

"अक्का, तुम्ही साहेबांच्या घरच्या ना? बघा, बघा. तीच ती नळी."

नीरजानं हळूच विचारलं, की अशी नळी नेहमी करतात का.

खंडोजीनं बोटं धोतराला पुसली. "आमच्यात रीत आहे. काच फुंकायची, पण तोंडचा वारा आत असताना टोक मारायचं नाही. आधी त्याला वाट द्यायची. नाहीतर तापून काच तडकते, वडील असंच सांगायचे. मी बोललो साहेबांना. ते म्हणाले, लाव ज्योत." त्यानं कुंकवाची वाटी खाली ठेवली. "काच तडकली नाही. तेच मला बरं वाटलं नाही."

"आता उघडली तर?"

"उघडली की हवेत हवा, अक्का. कुणाची कुठली गेली, कोण सांगणार?"

आरतीसाठी त्याला हाक आली. नीरजा खिडकीशी एकटी राहिली. तिनं वाकून आत पाहिलं.

नळी दोन पितळी चापांत आडवी बसवलेली होती. एका टोकाला काचेवर आतून वाफ धरली होती, रुपयाएवढी. नीरजा बघत असताना ती विरली. पुन्हा धरली, लहान. विरली. लहान. विरली. मग मोठी. या वेळी ती नुसती गोल नव्हती. आगगाडीच्या काचेला पोरं तोंड चिकटवतात तेव्हा काचेवर उमटतं तसं काहीतरी होतं; वर एक कड, खाली एक कड, मध्ये फट. फट जरा रुंदावली. मग सगळं विरलं.

झाकणाला कुलूप नव्हतं. शेजारच्या टेबलावर फुलं वाहिलेली हत्यारं मांडून ठेवली होती, त्यात एक चिमटा होता. नळीला एक हलका टोला पुरला असता.

तिचा हात झाकणापर्यंत गेला. पण मग? या धुरात, या चाळीस माणसांत तो श्वास सुटला, तर घरी कसा जाईल? कुणाच्या नाकात जाईल? आणि हे सगळं तिच्याच डोक्यातलं असलं, तर तिनं काय केलं असं होईल? तीन वर्षांचं काम सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, नव्या बायकोनं फोडलं.

घंटा वाजायला लागली. समोरून शेषगिरीनं तिच्याकडे पाहिलं. तिचा हात कुठे आहे तेही पाहिलं. तो ओरडला नाही. त्यानं नुसती मान हलवली, नको म्हणून, आणि तिला वाटलं की आपल्याला आयुष्यात कुणी इतकं काकुळतीनं काही मागितलेलं नाही.

तिनं हात काढून घेतला आणि आरतीला जोडला.

७

उड्डाण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. शेषगिरी आदल्या दिवसापासून शहराबाहेरच्या माळावर मुक्कामाला होता. फुगा सकाळी आठला सुटला. यंत्राचा संदेश रेडिओवरून संस्थेत येत होता आणि तिथल्या पेननं कागदावर उतरत होता. डॉक्टरांना आकडे संध्याकाळपर्यंत हवे होते, म्हणून तीनच्या सुमाराला खंडोजीच सायकलवरून गुंडाळी घेऊन आला.

साहेबांचं काही कळलं का, असं नीरजानं विचारलं.

"माळावर आहेत. डॉक्टरांशी दुपारी फोनवर बोलले. खूप खुशीत होते, डॉक्टरांना मध्ये बोलू देईनात." खंडोजी पाणी प्याला आणि गेला.

ती माजघरात बसली. डाव्या हातानं कागद उलगडत, उजव्या हातानं गुंडाळत, ती फुग्याबरोबर वर चढत गेली. आठ वाजता दोन लहान, एक मोठी. नऊला, वीस हजार फुटांवर, लाटा जवळ जवळ आल्या, चढणीवर माणसाच्या येतात तशा. दहानंतर फाकल्या. मोठी लाट मधूनच येईनाशी झाली. साडेदहाला ती शेवटची आली आणि कागदाच्या कडेपर्यंत चढली. त्यानंतर नुसत्या लहान. दोन, मग किती तरी सपाट, मग एक. अकरा वाजून दहा मिनिटांनी फुगा ठरलेल्या उंचीवर पोचला. तिथं मिनिटाला तीन होत्या. मग दोन.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी एक आली. ती चढली, पण पुरती उतरली नाही. तिथूनच रेघ सरळ झाली.

नीरजानं कागद पुढे ओढला. सरळ. आणखी ओढला. तीन हात, चार हात, गुंडाळीच्या नळकांड्यापर्यंत, पट्टीनं आखावी तशी सरळ. तिनं मागे येऊन बेचाळीसवर बोट ठेवलं आणि ते उचललं नाही.

माळावरून कुणीतरी येईल, असं तिला वाटत होतं. डॉक्टरांची मोटार येईल. आधी गोदूबाईंना बाजूला घेऊन सांगतील, की तिला बोलावतील? कोणतं लुगडं नेसली आहे तेही तिनं पाहून घेतलं. चार वाजले. पाच वाजले. गोदूबाईंनी दूध तापवलं.

साडेपाचला फाटक वाजलं.

चपला काढल्याचा आवाज आला. बालडीतलं पाणी पायांवर पडल्याचा आला. गोदूबाई म्हणाल्या, "आलास का? दमला नाहीस ना रे?" आणि त्यावर तो काहीतरी म्हणाला. त्याचाच आवाज. मग पावलं माजघराच्या दारापर्यंत आली आणि तिच्या पाठीमागे थांबली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. गोदूबाई पाहत होत्या, आणि त्या हसत होत्या. तेव्हा पाहण्यासारखं काही वावगं नसणार.

"कागद मिळाला ना तुला मला वाटलंच खंडोजी वेळेवर आणेल फुगा काय सुंदर गेला म्हणून सांगू पहाटे वारा होता मग पडला आणि दोर सोडल्यावर असा उभा वर गेला की कुणी बोलेना मग अकरानंतर एकदम हलकं वाटायला लागलं सगळ्यांनाच वाटलं असेल मी डॉक्टरांना म्हटलं आता रेघ बघा कशी येते आणि आलीच सरळ आली ना मी म्हटलं होतं वर थंडीत बसेल जागेवर आता पुढचं यंत्र अग्निबाणातून जाईल त्याला नवी नळी लागेल तेव्हा मी विचार केला की परवान्याची वाट कशाला बघायची घरचंच माणूस आहे अक्षर चांगलं आहे हात स्थिर आहे आणि तुलाही त्रास काहीच नाही नुसतं तोंड लावायचं खंडोजी ज्योत धरेल आणि मग बघ किती बरं वाटतं ते"

नीरजानं पेन्सिल धरून ठेवली होती. बोलता बोलता माणूस कुठेतरी श्वासाला थांबतो. कितीही खुशीत असला तरी थांबतोच. तो थांबला की वळून पाहायचं, असं तिनं ठरवलं होतं.

चुलीवर दूध वर येऊन खाली बसलं. गोदूबाईंनी देवापाशी दिवा लावला, तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि परत आल्या. माजघरात अंधार झाला, कागदावरची रेघ दिसेनाशी झाली. तो बोलतच होता.